परदेशी भुंग्यांवरील फिर्याद

जून सरत आला, पहिल्या सरींनी माती भिजली आणि बांधांवर, रस्त्यांच्या कडांना, घरबांधणीसाठी पाडून ठेवलेल्या भूखंडांवर गाजर गवताची कोवळी रोपे दाटू लागली, की आमच्या कसबा बावड्यात एक जुने मतही दरवर्षी तितक्याच नेमाने डोके वर काढते. कोणी तरी सुचवतो की या गवतावर मेक्सिकन भुंगे सोडावेत. त्यावर सोसायटीच्या ओट्यावरचा एखादा मुरलेला शेतकरी ठसक्यात म्हणतो, “आदी गवत आलं, आता त्येला खायाला किडं आणत्यात. गवत संपलं की त्येनी काय उपाशी मरायचं? उसावर बसत्यात का न्हाई बघा!” ओट्यावर हशा पिकतो, विषय संपतो आणि गवत वाढत राहते. हेच मत शहरातील सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात जरा संस्कृतप्रचुर वेषात वावरते. तेथे त्याला ‘निसर्गाच्या समतोलात मानवी हस्तक्षेप’ असे म्हणतात आणि त्याच्या पुष्ट्यर्थ ऑस्ट्रेलियातील भेकांचा दाखला देतात. ओट्यावरच्या माणसाला निदान आपल्या उसाची काळजी असते. दिवाणखान्यातल्याला नेमकी कशाची काळजी असते, हे मला अजून उमगलेले नाही.

या मताची मांडणी त्याच्या कैवाऱ्यांना करता येईल तितक्या नेटाने आधी करून पाहू, म्हणजे नंतर कोणी पक्षपाताची तक्रार करणार नाही. ते म्हणतात की एका परकीयाला हुसकावण्यासाठी दुसऱ्या परकीयाला घरात घेणे हा अविचार आहे. की कीटक हा भुकेला जीव असून तण संपताच तो पिकांकडे वळणार. की एकदा सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. की जगात असे प्रयोग अंगाशी आलेले आहेत. आणि इतके सगळे करूनही शेवटी गवत काही जात नाही. पाचही मुद्दे एका दमात मांडले म्हणजे भारदस्त वाटतात. परंतु दुसऱ्या आणि पाचव्या मुद्द्यांपैकी एक खरा असेल, तर उरलेल्याचे भय कशाला? जो कीटक आपले नेमलेले गवतसुद्धा धड खात नाही, तो उद्या उसाचे फड फस्त करील, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगण्याचे धैर्य या पक्षाजवळ आहे, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

परकीयत्वाचा आक्षेप मी फार वेळ हाताळू इच्छीत नाही. ज्या तांबड्या रश्श्यावर करवीरनगरीचा अभिमान पोसला आहे, त्यातील मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. मका, बटाटा, टोमॅटो, भुईमूग आणि ज्याच्या व्यापारावर निपाणीच्या पेठा उभ्या राहिल्या तो तंबाखू, ही सारी मंडळी त्याच खंडातली. यांपैकी कोणाचीही बंदरावर कोणी जबानी घेतली नव्हती. ज्यांचा आज त्रास होतो त्यांचीही घेतली नव्हती. घाणेरी आली ती फुलांच्या शोभेसाठी, बगीच्यात मिरवायला; जलपर्णीही तिच्या जांभळ्या तुऱ्यांवर भाळूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली, आणि १९३६ साली त्याच बंगाल सरकारला तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. गाजर गवताची नोंद १९५५ साली पुण्यात झाली. ते अमेरिकन गव्हाच्या पोत्यांतून आले असे सर्वत्र मानले जाते, आणि ते कसेही आले असले तरी परवाना घेऊन आले नव्हते हे निश्चित. या साऱ्या आगंतुकांत तपासणी होऊन, विलगीकरणात राहून, सरकारी परवान्यानिशी या देशात पाऊल टाकणारा जर कोणी असेल, तर तो हा बापडा भुंगाच होय. आणि आपली सारी सावधगिरी आपण नेमकी त्याच्याच वाट्याला ठेवून दिली आहे.

आता मुख्य प्रश्न, ओट्यावरच्या शेतकऱ्याचा: गवत संपले की भुंग्यांनी काय उपाशी मरायचे? या प्रश्नातला उपहास बाजूला ठेवला तर तो अत्यंत शास्त्रशुद्ध प्रश्न आहे, आणि गंमत अशी की कोणताही कीटक सोडण्यापूर्वी प्रयोगशाळेत हाच प्रश्न त्या कीटकाला विचारला जातो. झायगोग्रामा बायकोलोराटा हा भुंगा मेक्सिकोहून १९८३ साली बंगळूरला आणला गेला. लगेच कोणी त्याला माळावर उधळून दिले नाही. बंद जागेत ठेवून त्याच्यापुढे चाळीस जातींच्या वनस्पती मांडल्या गेल्या, आणि त्या निवडताना गाजर गवताची नातलग पिके कटाक्षाने घेतली गेली. अशा परीक्षेची एक पद्धत अशी असते की कीटकाला पर्यायच ठेवायचा नाही. समोर एकच वनस्पती, खायची तर ही खा, नाही तर मर. त्यावर तो अंडी घालतो का, अंड्यांतून निघालेल्या अळ्या त्या पानावर वाढतात का, कोषात जातात का आणि पुढची पिढी उभी राहते का, हे एकेक पाहिले जाते. कारण भुकेच्या आगीत एखादे पान कुरतडणे वेगळे आणि त्या पानावर वंश चालवणे वेगळे. त्या तपासणीनंतर १९८४ साली भुंगे मोकळ्या रानात सोडण्यात आले. तेव्हा शेतकरीदादांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे: होय, उपाशी मरायचे. गवत घटले की भुंगेही घटतात, गवत वाढले की तेही वाढतात. आणि गवत समूळ नाहीसे होण्याची वेळ कधी येतच नसल्यामुळे बेकार भुंग्यांच्या टोळ्या उसाकडे कूच करण्याचा प्रसंगही येत नाही. चाळीस वर्षे हा भुंगा या देशात मोकळा फिरतो आहे. उसाच्या कोणत्या फडात त्याने ठाण मांडले, हे एकाने तरी दाखवावे.

येथे चाणाक्ष प्रतिपक्षी सूर्यफुलाचे नाव काढील, आणि ते त्याने अवश्य काढावे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी कर्नाटकात हे भुंगे सूर्यफुलाच्या पानांवर आढळले, एकच ओरड झाली, वृत्तपत्रांनी ती टिपेला नेली आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे संशोधनात जे निघाले ते मोठे उद्बोधक आहे: शेजारच्या गाजर गवताचे परागकण वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर साचले होते, आणि त्या परागांच्या ओढीने भुंगे ती पाने चावत होते. म्हणजे सूर्यफुलाच्या कडेला गाजर गवत वाढू दिले होते, हाच मूळ अपराध. आणि त्या अपराधाची शिक्षा मात्र गवत खाणाऱ्याला! त्यानंतरच्या काळात भुंगा देशाच्या बहुतेक भागांत पोहोचला, परंतु भाकीत केलेला सूर्यफुलाचा सर्वनाश काही झाला नाही. सूर्यफुलाचे क्षेत्र घटले हे खरे. पण त्याची कारणे शोधायची तर बाजारभाव, रोग आणि परदेशातून येणारे स्वस्त तेल यांच्याकडे पाहावे. भुंग्यांना आयातनिर्यातीचे धोरण ठरवण्याचे अधिकार अद्याप मिळालेले नाहीत.

आणि उसाविषयी एवढी कळकळ असणाऱ्यांना २००२ साल आठवत नाही काय? त्या वर्षी सांगली जिल्ह्यात पांढरा लोकरी मावा प्रथम दिसला आणि पाहता पाहता कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील फड पांढरे पडले. फवारण्यांनी शेतकरी थकला, कारण वाढलेल्या उसात शिरून फवारणार तरी कसा? तेव्हा तारले ते कीटकांनीच. कोनोबाथ्राच्या अळ्या, मायक्रोमस, ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्शिया, ही नावे तेव्हा आमच्याकडे भाकरी-कालवणाइतकी परिचयाची झाली होती. अळ्या असलेली पाने एका फडातून काढून दुसऱ्या फडात नेऊन टाचताना मावा संपल्यावर या अळ्या काय खातील, असा प्रश्न एकानेही विचारला नाही. आजही खोडकिडीसाठी मित्रकीटकांचे ट्रायकोकार्ड उसाच्या पानाला टाचणारा हात तोच असतो, आणि संध्याकाळी ओट्यावर ‘किडं नकोत’ म्हणून उडवून लावणाराही तोच. पिकावरची कीड खाणारा कीटक मित्र, आणि तण खाणारा कीटक मात्र शत्रू, हा भेद कोणत्या न्यायाने केला जातो?

परत बोलावता येत नाही, हा आक्षेप वस्तुतः खरा आहे, आणि म्हणूनच तपासणी इतकी कडक असते. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या देशातील एक जुनी कहाणी वाचावी. १७९५ साली नील्सन नावाच्या एका कप्तानाने ब्राझीलहून फड्या निवडुंगावरचे किरमिजी किडे कलकत्त्याला आणले. ईस्ट इंडिया कंपनीला किरमिजी रंगाचा धंदा काढायचा होता. तण मारण्याचे तिच्या स्वप्नातही नव्हते. आणलेला किडा निघाला भलताच, खऱ्या रंगाच्या किड्याचा गरीब भाऊबंद, आणि रंगाचा व्यवहार बुडाला. पण त्या किड्याने एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडण्यास सुरुवात केली. ते ध्यानात आल्यावर १८३६ ते १८३८ या काळात तो मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात नेऊन सोडला गेला आणि पुढे सिंहलद्वीपालाही पोहोचला. कीटकांकरवी तण आवरण्याचे जगातील पहिले मोठे यश ते हेच, आणि ते कोणत्याही तपासणीवाचून, निव्वळ चुकीतून मिळालेले! १९२६ साली निवडुंगाच्या दुसऱ्या जातींसाठी त्याच कुळातला दुसरा किडा सिंहलद्वीपातून आणला गेला. ज्या दख्खनच्या गावांना एके काळी फड्या निवडुंगाचे दाट वेढे होते, जनावराला वाट सापडत नसे आणि सापाला आश्रय सापडत असे, त्या गावांतून तो निवडुंग आज तुरळक उरला आहे. सव्वादोनशे वर्षे झाली; ते किरमिजी किडे अजून निवडुंगच खातात. ज्वारीची चव त्यांना लागलेली नाही. या यशाचा दोष एकच, की ते पूर्ण झाले. नाहीशा झालेल्या संकटाची आठवण कोण ठेवतो? ऑस्ट्रेलियातील लोक या बाबतीत अधिक कृतज्ञ निघाले. त्यांच्याकडे सहा कोटी एकरांवर निवडुंगाने आक्रमण केले होते. १९२५ साली अर्जेंटिनाहून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी तो काही वर्षांत भुईसपाट केला, आणि तेथील बूनार्गा गावच्या लोकांनी १९३६ साली चक्क त्या पतंगाच्या नावे स्मारक-सभागृह बांधले. आपण पुतळ्यांच्या बाबतीत एवढे उदार असूनही एका किड्याचे साधे स्मरण आपल्याच्याने होऊ नये, हे आश्चर्यच.

त्याच ऑस्ट्रेलियातील भेक आता पुढे येतात. १९३५ साली क्वीन्सलंडमध्ये उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी हे भेक हवाईहून आणून सोडले गेले. भुंगेरे राहिले बाजूला, आणि विषारी भेकांनी तो मुलूख व्यापला. तशीच कथा मुंगसाची: आपल्याच हिंदुस्थानातले मुंगूस उसातल्या उंदरांसाठी १८७२ साली जमैकात नेले आणि तेथून १८८३ साली हवाईत, आणि त्याने उंदरांपेक्षा पक्ष्यांची अंडी अधिक आवडीने खाल्ली. या कथा खऱ्या आहेत, भयंकर आहेत आणि आपल्या विषयाशी त्यांचा काडीमात्र संबंध नाही. भेक आणि मुंगूस जे हलेल ते खातात. ते नेमताना कोणी त्यांची आहारपरीक्षा घेतली नाही. आणि भेकांविरुद्ध त्याच काळी जो आवाज उठला, तो वॉल्टर फ्रॉगॅट नावाच्या एका कीटकशास्त्रज्ञाचाच होता. ज्या शास्त्राने त्या अनर्थाची पूर्वसूचना दिली, त्याच शास्त्राच्या माथी तो अनर्थ मारणे ही युक्ती मोठी सोयीची खरी. निवडुंगाच्या पतंगाचे उदाहरण मात्र मी प्रतिपक्षाला आपण होऊन देतो. १९५७ साली तो कॅरिबियन बेटांत सोडला गेला, तेथून १९८९ साली फ्लॉरिडाला पोहोचला आणि अमेरिकेतील मूळच्या निवडुंगांना त्याचा धोका निर्माण झाला. पण तेथे निवडुंग हा घरचा होता; ऑस्ट्रेलियात तो उपरा होता, आणि आपल्याकडेही फड्या निवडुंगाची एकही जात मूळची नाही. कोणता कीटक कोणत्या भूमीत सोडावा हे त्या भूमीच्या वनस्पती पाहून ठरवावे, इतकेच यातून निष्पन्न होते, आणि या शास्त्राचा प्रारंभच तेथून होतो.

राहिला शेवटचा मुद्दा: गवत जात नाही. बरे, जात का नाही? हा भुंगा थंडी सुरू झाली की मातीत शिरून निजतो आणि पहिल्या पावसाबरोबर वर येतो. म्हणजे त्याचे काम पावसाळ्याचे. त्याच पावसाळ्यात गवत फुलण्याआधी तो पाने आणि कोवळे शेंडे खातो, म्हणून बी कमी धरते. परंतु मातीत आधीच पडून असलेल्या लक्षावधी बियांचा हिशेब एका हंगामात फिटत नाही, तो वर्षानुवर्षे फेडावा लागतो. आणि आपण त्याला तेवढी वर्षे देतो काय? जुलैत पानांना भोके दिसू लागतात, पिवळसर पाठीवर तपकिरी रेघा ओढलेले भुंगे कामाला लागलेले असतात, आणि नेमके तेव्हाच बांधावर तणनाशकाचा पंप घेऊन आपण येतो. गवताबरोबर भुंग्यांचे अन्न आणि अळ्या दोन्ही जाळतो, आणि दिवाळीनंतर जे गवत फुटते त्याकडे बोट दाखवून म्हणतो, पाहा, भुंगे निकामी! १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह साजरा होतो. फुलोऱ्यात आलेले गवत उपटतानाची छायाचित्रे निघतात आणि उपटलेल्या गवताचे बी तेथल्या तेथेच झडते. हा उपाय कुचकामी म्हणण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. घाणेरीवर १९२१ पासून निरनिराळे कीटक सोडूनही ती पुरती आटोक्यात आली नाही, हे मी नाकारीत नाही. पण एक दरवाजा बंद निघाला म्हणून वाड्यातले सगळेच दरवाजे बंद असल्याचे जाहीर करणे हे शहाणपण कोणते?

नदीच्या बाबतीत तर या आळसाची परिसीमा झाली आहे. जलपर्णीवर निओकेटिना कुळातले दोन जातींचे सोंडे, म्हणजे सोंडवाले भुंगे, आणि एका जातीचा कोळी असे तीन शत्रू अमेरिकेतून १९८२ च्या सुमारास आणले गेले. बंगळूरच्या तलावांत सोंड्यांनी थोड्याच वर्षांत जलपर्णीचे थर मोडले. केरळात पाण्यावर माजलेल्या साल्व्हिनियाला ऑस्ट्रेलियातून आणलेल्या दुसऱ्या एका सोंड्याने आवर घातला. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ नंतर हेच निओकेटिना कामी आले. हे सोंडे रात्री पाने खरवडतात, त्यांच्या अळ्या देठ पोखरून गाभ्यात शिरतात, झाडाची तरंगण्याची शक्ती जाते आणि थर हळूहळू बुडतो. यासाठी दोन ते चार वर्षांची शांतता लागते. आमच्या पंचगंगेत ती नाही, हा खरा अडथळा आहे. राजाराम बंधारा हा कोल्हापूर पद्धतीचा. पावसाळ्यापूर्वी त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले जातात, पाणी ३९ फुटांच्या इशारापातळीकडे आणि ४३ फुटांच्या धोकापातळीकडे चढू लागते, आणि त्या लोंढ्याबरोबर जलपर्णी रुई, तेरवाड करीत नृसिंहवाडीकडे जाते. तिच्यावरचे सोंडेही तिच्याबरोबर जातात. पाऊस ओसरला, बरगे पुन्हा बसले, पाणी थांबले की कडेकपारीत उरलेल्या दोन-चार रोपांपासून जलपर्णीचा संसार पुन्हा थाटला जातो, आणि शहराचे सांडपाणी तिला खतपाण्याची उणीव भासू देत नाही. अनुकूल हवापाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. सोंड्याची एक पिढी व्हायला तीन महिने लागतात. ही शर्यत विषम आहे, हे कबूल.

पण म्हणून निष्कर्ष काय निघतो? सांडपाणी रोखावे, हा. आणि पुरानंतर सोंडे पुन्हा सोडण्याची तजवीज ठेवावी, हा दुसरा. आपण काढतो तो तिसराच: कीटक नकोत, दरवर्षी नवा ठेका द्यावा, यंत्रे आणि माणसे लावून जलपर्णी उपसावी, तिचे ढीग काठावर कुजत ठेवावेत आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा निविदा काढावी. ज्या समतोलाच्या नावाने दिवाणखान्यात गळे काढले जातात तो समतोल नदीत नाले सोडताना कोठे असतो? मासे तडफडून वर येतात तेव्हा हस्तक्षेपाचा निषेध करणारे कोठे असतात? सोंडा हस्तक्षेप करतो आणि मैलापाणी करीत नाही, तणनाशक करीत नाही, काठावर कुजणारा ढीग करीत नाही, असे ज्यांना वाटते त्यांचा निसर्ग मला कधी भेटलेला नाही. या तणांच्या मुलखात काही न करणे हाही एक निर्णयच असतो; त्याचे परिणाम अंगावर चट्टे उठणाऱ्या खुरपणाऱ्या बायकांना, दम लागणाऱ्या मुलांना आणि खाली नदीचेच पाणी पिणाऱ्या गावांना भोगावे लागतात, आणि त्या निर्णयाची मात्र कोणी आगाऊ परीक्षा घ्यायला सांगत नाही.

तेव्हा हे विनोद आता पुरेत. जुलैत ज्या बांधावर भुंगे आपोआप दिसतात तेथून ते झाकणाला भोके पाडलेल्या बरण्यांत गोळा करावेत आणि जेथे नाहीत तेथे एकेका जागी पाचशे-हजार सोडावेत. ती जागा त्या हंगामात फवारू नये, नांगरू नये. सोंड्यांसाठी पूररेषेच्या वर एक-दोन हौद राखून त्यांत त्यांची पैदास चालू ठेवावी, आणि बरगे बसले की पहिल्या पंधरवड्यात, थर दाट होण्याची वाट न पाहता, ते बंधाऱ्याच्या वरच्या थोपलेल्या पाण्यात सोडावेत. बंगळूर आणि जबलपूर येथील सरकारी संस्था याच कामासाठी आहेत; त्यांच्याशी पत्रव्यवहार करण्याइतकी शाई कोणत्याही दफ्तरात निघेल. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती ओट्यावर न घेता लेखी द्यावी, आणि तीत तीन रकाने भरावेत: कोणता कीटक, कोणते पीक, आणि ते पीक त्याने कोठे आणि कधी खाल्ले. तिसरा रकाना कोरा असेल तर अर्ज निकालात काढावा.